ऑइल कमी असताना गाडी चालवणं: लाल दिवा लागेपर्यंत काय काय होऊन गेलेलं असतं

गेजपट्टी (धागाकर्ता)

गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या सुट्टीत एक प्रश्न हमखास येतो: "ऑइलचा लाल दिवा लागलाय, गॅरेज दहा-बारा किलोमीटरवर आहे, हळूहळू नेली तर चालेल ना?" चालणार नाही. का नाही, ते एकदा नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक दिली की झालं.

किटलीच्या चित्राचा तो लाल दिवा ऑइल किती उरलंय हे सांगतच नाही. तो प्रेशरचा दिवा आहे. ब्लॉकवर, बहुधा फिल्टरच्या आसपास, अंगठ्याएवढा एक स्विच बसवलेला असतो. ऑइलचा दाब साधारण ०.२ ते ०.५ बारच्या खाली गेला की तो दिवा पेटवतो. आता हिशोब बघा. गरम इंजिनात आयडलवर १ बारच्या आसपास दाब असतो आणि ३००० आरपीएमला ३-४ बार. ३००० वर पळणाऱ्या इंजिनात दाब घसरून १ बारवर आला, तर बेअरिंगचे हाल सुरू झालेले असतात, आणि दिवा मात्र विझलेलाच. तो पेटतो तेव्हा गोष्टी बऱ्याच पुढे गेलेल्या असतात.

दुसरं असं की ऑइल पंप चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या) तळातून जाळीच्या नळीने ऑइल ओढतो. ही जाळी बुडालेली आहे तोवर दाब जवळपास पुरा मिळतो, वर ऑइल तीन लिटर असो की दोन. त्यामुळे सपाट हायवेला लिटरभर कमी असलं तरी काहीच जाणवत नाही. खरी परीक्षा खंबाटकीच्या चढाला किंवा आंबोलीच्या वळणांवर. चढाला ऑइल गाडीच्या मागच्या अंगाला सरकतं, वळणाला बाहेरच्या अंगाला, ब्रेक मारला की पुढे. पातळी ऑइल मोजायच्या पट्टीवरच्या मिन (किमान) खुणेच्याही खाली बरीच उतरलेली असेल तर जाळी सेकंदभर उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. तेव्हा वळणावर दिवा क्षणभर लुकलुकतो, गाडी सरळ झाली की विझतो. "वायर लूज असेल" म्हणून लोक पुढे निघतात. वायर लूज असती तर ती खड्ड्यात लुकलुकली असती, नेमकी डाव्या वळणालाच नाही.

---

चौदाचा_पाना

धागा चांगला काढलात. आत काय होतं त्याचा क्रम जोडतो.

ऑइल कमी म्हणजे नुसतं वंगण कमी असं नाही. उष्णता तेवढीच, ती वाहून न्यायला हमाल कमी. तीन लिटरचं काम दोन लिटर करतं, फेऱ्या जास्त मारतं, चेंबरमध्ये निवायला वेळ मिळत नाही. ९० ते ११० अंशांत राहणारं ऑइल १३० च्या पुढे जातं, पातळ होतं, त्यातली अ‍ॅडिटिव्ह लवकर संपतात. आणि डॅशबोर्डवरचा टेंपरेचरचा काटा कूलंटचा असतो, ऑइलचा नव्हे. काटा मध्यावर शांत आणि खाली बेअरिंग भाजतंय, हे अगदी शक्य आहे.

पहिली कुरकुर बहुधा वरून ऐकू येते. हायड्रॉलिक टॅपेटमध्ये (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या, आत ऑइल भरलेल्या भागात) हवा शिरली की टिक-टिक सुरू होते. टायमिंग चेन (क्रँक आणि कॅम जोडणारी साखळी) ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालत असेल तर सकाळी स्टार्टला दोन-तीन सेकंद खळखळ येते. स्विफ्ट, डिझायर, विस्टा, लिनिया अशा कितीतरी गाड्यांत बसलेलं फियाटचं १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन घ्या: चेन हायड्रॉलिक टेन्शनरवर, टॅपेटही हायड्रॉलिक. त्यात ऑइलची हयगय केली की चेन ढिली पडते, आणि चेनने दात सोडला तर व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतात.

ज्या पेट्रोल इंजिनात व्हीव्हीटी (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा) आहे, तिथे कॅम फिरवण्याचं कामही ऑइलचा दाबच करतो. पी००११ सारखा कॅमच्या टायमिंगचा एरर कोड आला की आधी पट्टी काढून बघा, सेन्सर नंतर बदला. उलट क्रमाने केलं तर सेन्सरचे पैसे जातात आणि कोड तसाच राहतो.

मग टर्बो. त्याचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्या मारतो आणि बहुतेक टर्बोंत तो ऑइलच्या फिल्मवर तरंगत असतो. तिथे काही सेकंदांचा दुष्काळही बुशला ओरखडे पाडायला पुरतो.

शेवटी क्रँक. जर्नल (क्रँकचा गुळगुळीत गोल भाग) आणि त्याला वेढणारं शेल बेअरिंग यांच्यात गॅप असते साधारण ०.०२ ते ०.०५ मिलिमीटर, डोक्याच्या केसापेक्षा कमी. एवढ्याशा जागेत ऑइलची फिल्म क्रँकला उचलून धरते. ही फिल्म पंपाच्या दाबाने तयार होत नाही, क्रँकच्या फिरण्याने होते. पंपाचं काम तिथे ताजं ऑइल पोचवत राहणं. पुरवठ्यात हवा आली की फिल्म तुटते. बेअरिंगचा राखाडी थर घासून जातो, खालचा तांबूस रंग दिसायला लागतो. मग शेल तापून क्रँकला धरतं आणि कॉन रॉडच्या (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याच्या) घरातच गोल फिरतं. गॅरेजात "बेअरिंग फिरलं" म्हणतात ते हेच. ते फिरलं की ऑइलचं भोक झाकलं जातं आणि तिथून पुढे मिनिटांचा खेळ. रेस दिली की वाढणारी खोल ठक-ठक ऐकू आली तर समजा बिग एंड (कॉन रॉडचं क्रँककडचं टोक) बोलतोय.

---

तिरफळ

उपयुक्त. दोन शंका. पट्टी गरम इंजिनावर बघायची की थंड? आणि "मिन" म्हणजे नक्की किती कमी?

---

गेजपट्टी

गाडीची पुस्तिका सांगेल ते अंतिम. तिथे काही वेगळं नसेल तर: गाडी सपाट जागेवर, इंजिन चालून गरम झालेलं, मग बंद करून ५ ते १० मिनिटं थांबायचं, म्हणजे वरचं ऑइल खाली उतरतं. सकाळी स्टार्ट करायच्या आधी बघितलं तरी चालतं, आकडा किंचित खाली दिसेल इतकंच. पेट्रोल पंपावर गाडी बंद केल्या केल्या पट्टी ओढून "साहेब, ऑइल कमी आहे" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. बरंचसं ऑइल तेव्हा हेडमध्येच असतं.

पट्टी काढा, लिंट न सोडणाऱ्या फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, मग काढून वाचा. पहिलं वाचन फुकट, कारण नळीच्या भिंतीचं ऑइल पट्टीला लागलेलं असतं. दुसऱ्यांदाही एका बाजूला ओघळ वर चढलेला दिसेल, तेव्हा दोन्ही बाजू बघा आणि जी खालची असेल ती खरी धरा. नवीन सोनेरी ऑइल पट्टीवर दिसता दिसत नाही. पट्टी आडवी धरून उजेडाकडे तिरकी केली की ओल्या-कोरड्याची रेघ कळते.

मिन ते मॅक्स हे अंतर बहुतेक गाड्यांत ०.७ ते १ लिटर असतं. छोट्या पेट्रोल गाडीत एकूण ऑइलच साधारण तीन-साडेतीन लिटर. मिनवर आली म्हणजे साधारण चतुर्थांश गेलं. मिनवर इंजिन लगेच मरत नाही, कंपनीने तेवढी सोय ठेवलेली असते. पण पट्टीच कोरडी निघाली तर मिनच्या खाली किती, हे कुणीच सांगू शकत नाही. तेव्हा स्टार्ट मारायचा नाही.

---

डिझेल_आणि_धूर

"सर्व्हिसला कंपनीत बदललंय, दहा हजारापर्यंत बघायची गरज नाही" हा समज इथेच मोडतो. १००० किलोमीटरला १०० मिली ऑइल जळणं हे चांगल्या इंजिनातही चालून जातं. काही युरोपीय कंपन्यांच्या पुस्तिकेत तर १००० किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत "सामान्य" म्हटलेलं असतं. १०० मिलीच धरा: १०,००० किलोमीटरला एक लिटर. सर्व्हिसच्या दिवशी मॅक्सवर असलेली गाडी पुढच्या सर्व्हिसच्या आधीच मिनवर. कुठेही एक थेंब गळलेला नाही, धूर दिसलेला नाही. २०० मिली जळत असेल तर ५००० लाच तिथे. म्हणून १००० किलोमीटरला एकदा पट्टी, आणि घाटाच्या प्रवासाआधी एकदा जास्तीची.

एक उलटा प्रकारही लक्षात ठेवा. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या डिझेल गाड्यांत (१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलमध्ये तो जवळपास असतोच) रिजनरेशनच्या (साचलेली काजळी जाळण्याच्या) वेळी जादा डिझेल फवारलं जातं. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत रिजनरेशन अर्धवट राहिलं की त्यातलं काही डिझेल रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. पट्टीवर पातळी वाढताना दिसते. मालक खूश, आणि ऑइल मात्र पातळ झालेलं. मॅक्सच्या वर गेली, पट्टीला डिझेलचा वास आला, तर टॉप-अप नाही, पूर्ण बदल.

---

कुडाळकर_नव्हे

दिवा लागल्यावर काय करायचं ते क्रमाने सांगा ना कुणीतरी. घाटात एकटं माणूस असेल तर गोंधळ उडतो.

---

चौदाचा_पाना

इंडिकेटर, क्लच, न्यूट्रल, कडेला. गाडी थांबली की इंजिन बंद. उतारावर चालत्या गाडीत इंजिन बंद करायचा मोह टाळा: दोन-तीन ब्रेकनंतर पॅडल दगडासारखं होतं आणि स्टीअरिंग जड. चावी तर कधीच काढू नका, स्टीअरिंग लॉक होईल. थांबायला सुरक्षित जागा पन्नास-शंभर मीटरवर असेल तर आयडलच्या आसपास तिथवर जा, त्याहून पुढे नाही. इंजिन गेलं तर खर्च होतो, वळणावर गाडी उभी केली तर माणूस जातो.

मग हँडब्रेक, चाकामागे दगड, मागे त्रिकोण. खाली वाकून बघा. ऑइलची धार लागली असेल किंवा येताना दगड, रंबलर आपटल्याचं आठवत असेल, तर वरून ओतण्यात अर्थ नाही, चेंबर फुटलाय. टोचन बोलवा. टोचन करतानाही इंजिन चालू ठेवायचं नाही.

खाली कोरडं असेल तर दहा मिनिटांनी पट्टी बघा. मिनच्या खाली असेल तर आधी अर्धा लिटर घाला, पाच मिनिटं थांबा, पुन्हा बघा. मग २००-२०० मिलीने वर आणा, मिन-मॅक्सच्या मध्यापर्यंत. स्टार्ट करा. ५ सेकंदांत दिवा विझला नाही तर बंद. विझला, आवाज स्वच्छ आहे, तर १५००-२००० आरपीएमच्या आत, हलक्या पायाने जवळच्या गॅरेजपर्यंत.

आणि पट्टीवर ऑइल पुरेसं असूनही दिवा पेटत असेल तर प्रकरण वेगळं: जाळी तुंबली, पंप गेला, बेअरिंग झिजली किंवा नुसता स्विच खराब. स्विचच असेल अशी आशा धरून चालवू नका. स्विच काढून त्या जागी मॅन्युअल गेज लावली की पाच मिनिटांत खरंखोटं होतं.

---

तिरफळ

डिकीत कुठलं ऑइल ठेवायचं? आणि वाटेत फक्त ट्रकवालं २०डब्ल्यू-४० मिळालं तर?

---

डिझेल_आणि_धूर

आपलं जे ग्रेड आहे त्याचा एक लिटरचा डबा डिकीत. पेट्रोलमध्ये ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३०, जुन्या डिझेलमध्ये १५डब्ल्यू-४०, पुस्तिकेत असेल ते. डीपीएफवाल्या डिझेलला कमी राखेचं ऑइल लागतं, एसीईए (युरोपीय मानक) सी२ किंवा सी३ असं डब्यावर लिहिलेलं असतं. साध्या ऑइलची राख डीपीएफमध्ये कायमची बसते.

अडचणीच्या वेळी मात्र सोवळं पाळू नका. चुकीच्या ग्रेडचं अर्धा लिटर इंजिन ऑइल हे बरोबर ग्रेडच्या कोरड्या जाळीपेक्षा लाख पटीने बरं. गावी पोचलात की पूर्ण बदला. गिअर ऑइल, हायड्रॉलिक ऑइल, टूटी (टू-स्ट्रोकचं ऑइल) हे मात्र अडचणीतही नाही.

---

गेजपट्टी

सहमत, फक्त "थोडं जास्तच घालून ठेवू" याला विरोध. मॅक्सच्या बऱ्याच वर गेलं की क्रँक ऑइलमध्ये आपटते, ताक घुसळल्यासारखा फेस होतो, आणि फेस म्हणजे हवा. पंप पुन्हा हवाच ओढणार. शिवाय ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) ऑइल इनटेकमध्ये जातं. डिझेलमध्ये ते फार झालं तर इंजिन त्याच ऑइलवर पळत सुटतं, चावी बंद करूनही थांबत नाही.

---

क्लेमटेबल

विम्याची बाजू, कारण सगळ्यात जास्त भांडणं तिथे होतात.

आपल्याकडच्या वाहन विम्याच्या ठरावीक मजकुरात परिणामी नुकसान, झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. शिवाय एक अट असते: अपघात किंवा बिघाडानंतर दुरुस्तीआधीच गाडी चालवली तर वाढलेलं नुकसान मालकाच्या जोखमीवर. म्हणजे दगड लागून चेंबर फुटला, तर चेंबरचे पैसे मिळतील. तशीच पुढे नेली आणि इंजिन सीझ झालं, तर इंजिनाचा क्लेम इथेच अडकतो.

इंजिन प्रोटेक्ट अ‍ॅड-ऑन असेल तर ऑइल गळून झालेलं आतलं नुकसान धरलं जातं. पण तिथेही सर्व्हेअर दोन गोष्टी बघतो: खाली आपटल्याची खूण आहे का, आणि त्यानंतर गाडी किती चालली. म्हणून थांबल्या जागेचे, रस्त्यावरच्या ऑइलच्या डागाचे, चेंबरच्या खुणेचे आणि ओडोमीटरचे फोटो लगेच काढा, जागेवरूनच विमा कंपनीला कळवा. नुसतं जळून जळून ऑइल संपलं आणि इंजिन गेलं, तर त्याला देखभालीतली हयगय म्हणतात. तिथे अ‍ॅड-ऑनचा भरवसा नाही.

---

किक_स्टार्टर

अवांतर, पण दुचाकीवाल्यांनो, तुमच्याकडे बहुतेक वेळा दिवाच नसतो. स्कूटरमध्ये एकूण ऑइल ७००-८०० मिली, १००-१२५ सीसी मोटरसायकलमध्ये लिटरच्या आसपास. ३०० मिली कमी म्हणजे तिसरा हिस्सा गेला. मोटरसायकलमध्ये तेच ऑइल गिअर आणि क्लचलाही. डबा घेताना मोटरसायकलला जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२, स्कूटरला एमबी. आणि बऱ्याच गाड्यांत पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवून वाचायची असते. आटे बसवून वाचलं तर ऑइल असल्यापेक्षा जास्त दिसतं.

---

कुडाळकर_नव्हे

समजा दिवा लागलेला असताना कुणी तीन-चार किलोमीटर नेलीच, मग ऑइल भरलं, आता आवाज नाही. विषय संपला का?

---

चौदाचा_पाना

नाही. ऑइल आणि फिल्टर बदलायचं, आणि जुना फिल्टर फेकायचा नाही. कटरने त्याचा पत्रा कापा. करवतीने नको, तिचाच कीस आत पडेल. कागद उलगडून उन्हात धरा. मेंदीच्या चमकीसारखे कण दिसले तर लोहचुंबक फिरवा. चुंबकाला चिकटले तर कॅम, चेन किंवा पंपाचं लोखंड. न चिकटणारे राखाडी कण अ‍ॅल्युमिनिअमचे, पिस्टनचे किंवा बेअरिंगचे. तांबूस दिसले तर बेअरिंगचा वरचा थर गेलेलाच आहे.

मग बऱ्याच इंजिनांत चेंबर उतरवून, इंजिन न उतरवता, बिग एंडच्या कॅप खोलून बघता येतं. कॅपवर नंबर आणि दिशा खुणा करून ठेवा, अदलाबदल झाली तर गोलाई बिघडते. शेल फक्त मळकं असेल, जर्नल नखाला गुळगुळीत लागत असेल, तर मायक्रोमीटरने माप घेऊन नवीन शेल, प्लास्टिगेजने (दाबून गॅप मोजायच्या प्लास्टिकच्या दोऱ्याने) गॅप तपासून बसवायचं. जर्नलला नख अडकलं तर क्रँक ग्राइंडिंग, ०.२५ किंवा ०.५० अंडरसाइज शेल. पण नव्या इंजिनांत कित्येकदा अंडरसाइज शेल मिळतच नाही, मग क्रँकच नवी. रॉडचे बोल्ट ताणले जाणारे असतील तर ते एकदाच वापरायचे.

चेंबर परत बसवताना सिलिकॉन कमी. "गळायला नको" म्हणून बोटभर जाड थर लावला तर आत फुगलेला पट्टा सुटतो आणि जाळीत जाऊन बसतो. त्याने ऑइल पुरेसं असूनही दाब जातो.

---

डिझेल_आणि_धूर

जाळी तुंबण्यावरून आठवलं. फोर्डच्या १.० लिटर इकोबूस्टमध्ये ऑइल पंप ऑइलमध्येच भिजलेल्या बेल्टवर चालतो. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत इकोस्पोर्ट आणि फोकस याच कारणासाठी परत बोलावल्या गेल्या: पंपाच्या बेल्टचा टेन्शनर निकामी झाला की दाब जातो. इकोबूस्टवाली इकोस्पोर्ट आपल्याकडेही विकली गेली. अशा इंजिनात पट्टीवर पातळी ठीक असणं पुरेसं नाही, ऑइलचा प्रकारही पुस्तिकेतलाच हवा. चुकीच्या ऑइलने बेल्ट फुगतो, चुरा होतो, तो चुरा जाळीवर.

---

तिरफळ

शेवटचं: ऑइल जातंय कुठे, हे घरी कसं शोधायचं?

---

गेजपट्टी

रात्री गाडीखाली इंजिनच्या रेषेत जुनं वर्तमानपत्र पसरा, कडांना दगड. सकाळी डाग कुठे पडला ते बघा. पुढच्या पुलीच्या बाजूला असेल तर क्रँकचं पुढचं सील, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर असेल तर मागचं. चेंबरच्या नटाखाली असेल तर वॉशर, दर वेळी नवीन लावायचा. कागद कोरडा पण इंजिन गरम झालं की जळका वास येत असेल, तर टॅपेट कव्हरची गॅस्केट एक्झॉस्टवर ठिबकतेय.

गळत नसेल तर जळतंय. रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्या स्टार्टला निळसर धूर आणि मग स्वच्छ: व्हॉल्व्ह सील. चढाला रेस दिली की निळा: रिंगा किंवा टर्बो. आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधले वायू इनटेककडे सोडणारा) बघा, तो स्वस्त आहे आणि तोच बऱ्याचदा दोषी निघतो. कूलंटच्या टाकीत दुधाळ चहासारखा थर असेल तर ऑइल कूलर किंवा हेड गॅस्केट.

---

चौदाचा_पाना

आणि ऑइल नुकतंच बदललं असेल आणि दोन दिवसांत पातळी उतरली, तर आधी फिल्टर. जुन्या फिल्टरची रबरी रिंग कधी कधी ब्लॉकलाच चिकटून राहते, वर नवीन फिल्टर स्वतःची रिंग घेऊन बसतो. दोन रिंगा एकावर एक, थंड असताना गळत नाही, हायवेला दाब चढला की वरची रिंग सरकते आणि काही मिनिटांत चेंबर रिकामा. म्हणून जुना फिल्टर काढल्या काढल्या उलटा करून बघा. त्याच्या तोंडाशी रिंग दिसली नाही, तर ती कुठे आहे ते नवीन बसवायच्या आधी शोधा.